किती ताटे धरायची?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात लग्नाच्या नियोजनाची कामे घेऊ लागले, तेव्हा सर्वांत अवघड गेले ते मी कशाचे पैसे घेते हे लोकांना समजावून सांगणे. आमच्याकडे खेड्यातल्या घराचा गाद्या-भांडी भाड्याने देणारा बिछायतवाला ठरलेला असतो, आचारी वडिलांच्या वेळेपासूनचा असतो, धुमाल, म्हणजे वाद्यपथक, कोणाची आणायची हे नवरदेवाच्या मित्रांनी साखरपुड्याच्या पंगतीतच पक्के केलेले असते आणि फोटो काढणारा बहुधा नात्यातलाच निघतो. "सारे मानसं आमचेच हायेत, मंग तुमी काय करान, ताई?" असे एका काकांनी मला सरळ विचारले होते. मी म्हणाले, "काका, लग्नाच्या दिवशी ही सारी माणसे तुम्हाला शोधत येतात आणि तुम्ही तर कन्यादानाला बसलेले असता. त्या दिवशी ती मला शोधत येतील, एवढेच माझे काम." काकांनी मोठ्या मुलीच्या लग्नात डिझेल संपलेला जनरेटर आणि हरवलेली कोठीघराची किल्ली यांपायी मंगलाष्टके अर्धवट ऐकली होती, त्यामुळे त्यांना अधिक सांगावे लागले नाही.

मेहनताना मी पहिल्यापासून ठोक घेते. शहरात खर्चाच्या टक्केवारीवर काम घेण्याची पद्धत आहे, परंतु कापूस विकून लग्न करणाऱ्या माणसापुढे ती पद्धत ठेवली, की मी सुचवलेली प्रत्येक खुर्ची त्याला माझ्याच फायद्याची वाटू लागते. ठोक रक्कम ठरलेली असली की खर्च कमी करण्याचा सल्लाही मोकळेपणाने देता येतो, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांना त्याच सल्ल्याची गरज असते.

पहिल्या बैठकीत मी तारीख विचारते आणि तारखेपाठोपाठ शेतात काय आहे तेही विचारते. तुळशीचे लग्न झाले की आमचा हंगाम सुरू होतो, पण कोणते घर कोणत्या महिन्यात लग्न धरणार हे पंचांगाइतकेच पिकावर अवलंबून असते. आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे तुटतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तूर संक्रांतीनंतर घरात येते आणि कापूस भाव पाहून कधीही विकला जातो किंवा खोलीत तसाच पडून राहतो. 2022 च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला 10,000 रुपये ओलांडले, तेव्हा त्या उन्हाळ्यातल्या मांडवांना झुंबरे लागली होती. याउलट 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये असताना बाजारातला भाव त्याच्या खाली रेंगाळत राहिला. लोक सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभावाच्या केंद्राकडे वळले आणि तिथले पैसे खात्यात जमा होईपर्यंत आचाऱ्याचा विसारही अडून राहिला. म्हणून मी देण्याचे हप्ते महिन्यांनी न बांधता पिकाच्या पैशांनी बांधते. बिछायतवाल्यालाही हे मान्य असते, कारण त्याचीही दोन एकर कपाशी असतेच.

मुहूर्तांचा प्रश्न वेगळाच आहे. 2024 च्या मे आणि जूनमध्ये शुक्र आणि काही काळ गुरूही अस्तंगत असल्यामुळे मुख्य मुहूर्त जवळपास नव्हतेच आणि हिंदू घरांतली लग्ने एक तर एप्रिलमध्येच उरकली गेली किंवा दिवाळीपलीकडे गेली. एप्रिलच्या एकेका तिथीला पंचक्रोशीत इतके मांडव पडले, की वाढपी मिळेनात. त्याच मे-जूनमध्ये मला हात दिला तो बौद्ध घरांतल्या मंगल परिणयांनी. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या भागातील गावोगावी रुजलेल्या या विधीला मुहूर्त लागत नाही. रविवार पाहिला जातो, पाहुण्यांची सोय पाहिली जाते आणि दिलेली वेळ बऱ्यापैकी पाळली जाते. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, वधूवरांची पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, आशीर्वादाला फुले, असा हा सुटसुटीत सोहळा नियोजनाच्या दृष्टीने मला फार आवडतो. अक्षतांऐवजी फुले टाकल्यामुळे नंतर गालिचे झाडणारी माणसेही दुवा देतात.

तारीख ठरली की मी दोन्हीकडचे शाळा सोडल्याचे दाखले मागते. यावरून काही घरांत कपाळाला आठ्या पडतात, "आमच्यावर भरोसा नाही काय?" असे विचारले जाते. परंतु 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि असे लग्न लावणाऱ्याला किंवा त्याला साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साहाय्य करणाऱ्यांत मांडववाला, आचारी, वाजंत्री आणि मीही मोडते. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही अनेकांना माहीत नसते. एका घराने आधार कार्ड पुढे केले आणि दाखला दाखवायला मात्र टाळाटाळ केली, तेव्हा मी काम सोडले आणि 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवले. त्या गावातून पुढे बराच काळ मला एकही काम आले नाही. ते मी गृहीत धरलेच होते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ताटांचा अंदाज. शहरातील सभागृहात ताटे मोजून सांगितली जातात आणि तेवढ्यांचेच पैसे पडतात. खेड्यात असा आकडा विचारला की उत्तर येते, "आमच्याइकडं मोजून नाही जेवू घालत, येईन त्याले वाढतो." हे बोलणे मनाच्या मोठेपणाचे आहे, पण तांदूळ भिजवायला बसलेल्या आचाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो. येणार की नाही हे कळवण्याची रीत आपल्याकडे नाही. उलट तसे विचारणे हाच अपमान समजला जातो. म्हणून माणसांना न विचारता माणसे मोजण्याची एक पद्धत मला बसवावी लागली, आणि माझ्या मते या व्यवसायातले खरे कौशल्य तेवढेच आहे. बाकी फुलांच्या कमानी कोणीही उभारू शकतो.

पत्रिका किती छापल्या हे मी विचारत नाही, कारण पत्रिका नेहमीच जास्त छापल्या जातात. गावात दारोदार आवतन सांगत फिरणाऱ्या माणसाला मी गाठते. कोणाच्या घरी चूलबंद आवतन दिले, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटणार नाही, आणि कोणाच्या घरी फक्त एका माणसाचे दिले, हे त्याच्या इतके कोणालाही ठाऊक नसते. चूलबंद घरामागे मी पाच ताटे धरते, एका माणसाच्या आवतनाला एकच. कोणत्या घरातली पोरे पुण्याला कामाला आहेत, कोणत्या घरात सुतक आहे, कोणत्या भावकीत धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद चालू असल्यामुळे तिकडची माणसे आवतन घेऊनही येणार नाहीत, हे सारे तो चहा पिता पिता सांगतो. गावाचा आकडा असा अर्ध्या तासात हाती येतो आणि तो क्वचितच फार चुकतो.

परगावच्या सोयऱ्यांचा अंदाज करताना मात्र त्या तिथीला आणखी किती लग्ने आहेत ते पाहावे लागते. तिथी दाट असली, तर एका घरातला बाप एका लग्नाला जातो, मुलगा दुसऱ्या लग्नाला जातो आणि आहेराची पाकिटे तेवढी दोन्हीकडे पोचतात. कपाशीची वेचणी जोरात असेल, तर बाया येत नाहीत. दुपारचे लग्न मे महिन्यात असेल, तर म्हातारी माणसे येत नाहीत. तेच लग्न गोरज मुहूर्तावर असेल, तर लेकरांसकट सारे घर येते आणि मुक्कामही करते. आठवडी बाजाराचा दिवस असेल, तर बाजाराला आलेली माणसे वाटेत जेवूनच परततात. या साऱ्यांची बेरीज-वजाबाकी मी एका वहीत करते, आणि शेवटचा आकडा आचाऱ्याखेरीज कोणालाही सांगत नाही, कारण मुलीच्या बापाला तो नेहमी कमी वाटतो आणि तो लगेच दोनशे ताटे वाढवतो.

सर्वांत बेभरवशाची असते ती नवरदेवाकडची माणसे. बैठकीत 200 सांगितलेले वऱ्हाड 350 होऊन उतरते, आणि जानोशावर, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरण्याच्या जागी, पाणी पाजता पाजताच मुलीकडच्यांचे चेहरे उतरतात. यावर मी वराच्या गावातच एक माणूस नेमते. तो बहुधा किराणा दुकानदार किंवा शाळेतला शिपाई असतो. वऱ्हाड निघाले की त्याने मला फोन करून गाड्या सांगायच्या: प्रासंगिक करारावरच्या एसटी किती, क्रुझर किती, मागे मोटारसायकली किती. एसटीला पन्नास, क्रुझरला बारा आणि मोटारसायकलीला दोन या मापाने आकडा निघतो, आणि वऱ्हाड रस्त्यावर असताना मिळणाऱ्या तास-दीड तासात आचारी स्वयंपाक वाढवू शकतो.

अर्थात तो काय वाढवू शकतो, हे आधीच ठरलेले असावे लागते. बुंदी आदल्या रात्रीच झालेली असते. ती वाढत नाही. पोळ्या लाटणाऱ्या बायांच्या हातांना मर्यादा असते. वाढतो तो भात, वाढते ते वरण, आणि आलू-वांग्याच्या भाजीत आलू वाढवता येतो. शंभर माणसांमागे साधारण 8 किलो तांदूळ, 4 किलो तुरीची डाळ आणि 12 किलो कणीक असे आमच्या आचाऱ्याचे माप आहे, आणि त्याच्या वर तांदूळ-डाळीचा एक वेगळा साठा आम्ही पोती न उघडता ठेवतो. किराणावाल्याशी बोलणे असे असते, की शिवण न उसवलेले पोते तो त्याच भावाने परत घेईल. या एका अटीमुळे मुलीच्या बापाचे मोठेपणही सांभाळले जाते आणि लग्नानंतर घरात तीन पोती तांदूळ पडून राहत नाही. भातही एकदम शिजवून ठेवत नाही. पहिली पंगत बसली की दुसरीचे आधण चढते. जुने आचारी हेच करत आले आहेत. आलेले ताट रिकामे जाऊ नये आणि शिजलेले अन्न नाल्यात जाऊ नये, या दोन्हींचा मेळ त्यांनी कितीतरी आधीच बसवलेला होता. मी त्यात फोनची भर घातली.

उन्हाळ्याविषयी मी हट्टी आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या छपराखाली कढईजवळ उभ्या असलेल्या माणसाला त्याहून अधिक भोगावे लागते. त्या दिवसांत दुपारच्या लग्नाला बासुंदी, खव्याची मिठाई किंवा पनीरची भाजी ठेवू देत नाही. "इवाई (व्याही) नाव ठेवतीन" असे म्हटले जाते, पण विषबाधा होऊन पन्नास माणसे उपजिल्हा रुग्णालयात नेण्यापेक्षा नाव ठेवलेले परवडते. बुंदी किंवा जिलेबी, वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, कढी आणि मठ्ठा हे जेवण उन्हाळा सोसते. मठ्ठाही ऐनवेळी घुसळून बर्फात ठेवलेला हवा. पाण्याच्या जारांचा हिशोब जेवणाच्या ताटांवर कधीही करू नये, कारण उन्हाळ्यात माणूस जेवतो एकदा आणि पाणी दहा वेळा पितो; शिवाय धुमालपुढे नाचणाऱ्यांचे पाणी कोणीच धरलेले नसते.

धुमालचे प्रकरण विदर्भाबाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. गाडीवर ध्वनिक्षेपकांची भिंत, पुढे ढोल-ताशे, वर बँजो किंवा कीबोर्ड आणि त्या आवाजात उन्हातान्हाची पर्वा न करता नाचणारी तरुण मंडळी, असे हे नागपूरकडून सर्वत्र पसरलेले वाद्यपथक आहे. पत्रिकेतील 11 वाजून 47 मिनिटांचा मुहूर्त दुपारी दोनपर्यंत सरकतो तो यांच्यामुळेच. नाचणाऱ्यांना विनवण्या करून उपयोग होत नाही, आणि नवरदेवाचे मामा मध्ये पडले तर त्यांनाच खांद्यावर घेतले जाते. मी धुमालवाल्याचे पैसे तीन भागांत देते: विसार आधी, दुसरा भाग जानोशावरून निघताना आणि तिसरा, जो सर्वांत मोठा असतो, ठरलेल्या वेळी गाडी मांडवाच्या दाराशी लागली तरच. वेळ टळली, तर त्यातून कापायची रक्कम कागदावर लिहिलेली असते. तेव्हापासून गाडी हळूहळू का होईना, पुढे सरकत राहते. चालक स्वतःच "चला भाऊ, चला" म्हणत हॉर्न वाजवतो. रात्रीच्या वरातीत अडचण येत नाही, कारण रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे आणि पोलीस ठाण्याच्या परवानगीवर ते लिहिलेलेच असते.

आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर लागते. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव सर्वांना ठाऊक आहे. तिथे शिशुपाल सारा लवाजमा घेऊन वेळेवर येऊन बसला होता आणि नवरी दुसऱ्याच्याच रथातून निघून गेली. वेळेवर येणाऱ्या नवरदेवाचे काय होते, याचा एवढा ठळक दाखला शेजारी असल्यामुळेच आमच्याकडची वऱ्हाडे उशीर करत असावीत, असे मी उशिराने वैतागलेल्या भटजींना सांगते.

मांडवात आल्यावर दुसरा वेळखाऊ कार्यक्रम असतो तो सत्कारांचा. आमदार, माजी आमदार, जिल्हा परिषदेचे सदस्य, बाजार समितीचे संचालक असे जो जो येईल त्याला शाल-श्रीफळ दिले जाते आणि त्याला दोन शब्द बोलायला सांगितले जाते. तो दोन शब्दांवर थांबत नाही. हे बंद करता येत नाही. पाटबंधाऱ्याचे पाणी, पीककर्ज, मुलाची नोकरी अशी अनेक कामे त्या शालीत गुंडाळलेली असतात आणि मुलीच्या बापाला तो व्यवहार माझ्यापेक्षा चांगला कळतो. मी एवढेच करते, की सत्काराची यादी दोन्ही घरांच्या संमतीने आदल्या रात्री लिहून घेते, माइक सूत्रसंचालकाच्या हातातून सुटू देत नाही आणि भाषणे चालू असतानाच पहिली पंगत बसवते. पंगतीत वाढायला सुरुवात झाली की वक्त्यालाही भाषण आवरते घ्यावेसे वाटते.

मानपानाच्या भांडणांत मी पडत नाही. फेटे कोणाला, पाय कोणाचे धुवायचे, मामाच्या आहेरात पातळ कोणते, ही यादी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या बायांनी बसून करायची असते आणि त्या ती अचूक करतात.

फेब्रुवारी-मार्चच्या लग्नांत गारपिटीची धास्ती असते. कापडी मांडव गारांपुढे टिकत नाही आणि पाणी न झिरपणारा डोम परवडत नाही, अशा मधल्या अवस्थेतली घरेच माझ्याकडे जास्त येतात. त्यांच्यासाठी गावातील समाजभवन किंवा शाळेचा व्हरांडा आधीच मागून ठेवते, आणि स्वयंपाकाची जागा काहीही झाले तरी पक्क्या छपराखाली घेते. मांडव भिजला तर लग्न तासभर थांबते, पण चूल भिजली तर जेवणच अडते. विजेची तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी, तारेवर आकडा टाकू नये, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. तरीही जनरेटर ठेवतेच, आणि त्याच्या डिझेलचा कॅन माझ्याच गाडीत असतो.

ताटांच्या बाबतीत एक बदल चांगला झाला. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आली, तेव्हा सुरुवातीला सर्वांनी कुरकुर केली. नंतर पळसाच्या पानांच्या, यंत्रावर दाबलेल्या पत्रावळी मिळू लागल्या. त्या वाळल्या की जळतात, गुरांनी खाल्ल्या तरी बाधत नाहीत, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गावाच्या वाऱ्यावर पांढरे तुकडे उडत नाहीत. किंमत थोडी जास्त पडते. ती मी यादीत वेगळी न दाखवता जेवणाच्या खर्चात धरते, कारण वेगळी दाखवली की तीच आधी कापली जाते.

लग्नानंतरचा दिवस हिशोबाचा असतो. आहेराची वही घरची माणसे पाहतात, तिच्याकडे मी बघतही नाही. माझ्यापुढे बिछायतवाल्याची यादी असते: गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, कुलर, पातेली, वाट्या, पेले. सामान उतरवून घेताना मोजले नसेल, तर परत देताना भांडण ठरलेले असते. म्हणून उतरवतानाच घरातल्या एका मुलाची सही घेते आणि तो मुलगा शक्यतो बारावी नापास झालेला, सध्या घरीच असणारा आणि आपल्यावर काही सोपवले म्हणून खूश होणारा असा निवडते. पातेली बहुतेक वेळा पूर्ण मिळतात. पेले आणि चमचे कमी भरतात. कमी भरलेल्या पेल्यांचे पैसे कोणी द्यायचे हे आधी ठरलेले नसे. आता करारात लिहिते, की शंभरामागे पाच पेल्यांपर्यंतचे नुकसान बिछायतवाल्याचे आणि त्यापुढचे घराचे. उरलेली शिल्लक रक्कम मृग बहाराचा संत्रा तुटला की मिळते, किंवा तूर विकली की मिळते. ती मागायला मी जाते तेव्हा मुलगी बहुधा माहेरपणाला आलेली असते, आणि काकू जेवल्याशिवाय उठू देत नाहीत.